नकाशातील खोली

भाडेकरूंच्या नोंदी आणि जीर्ण नकाशे महिनोन्महिने धुंडाळून लेकीचे नेत्र शिणले होते. अखेरीस वडिलांच्या बालपणाची खोली गवसली. परंतु जुना नकाशा ट्रेसिंग पेपरवर उतरवून नव्या नकाशावर ठेवताच ती खोली भर चौकात आली. “अप्पा, तिथं नुसतं डांबर आहे.” “असू दे गं. घर पाडलं तेव्हा मी परगावी होतो. एकदा तिथं उभं राहू दे.” वाहने थांबताच तिने त्यांना हाताला धरून मध्यभागी नेले. वडील डोळे मिटून उभे राहिले ते हलेचनात. सिग्नल सुटला. “आजोबा, रस्ता काय बापाचा आहे?” टॅक्सीवाला खेकसला. “नाही हो, बाबा भाडेकरू होते,” ते नम्रपणे उत्तरले. लेकीने ओढतच कडेला आणले. “झालं समाधान? चला घरी.” धापा टाकत वडील म्हणाले, “थांब, पुन्हा सिग्नल लागला की जाऊन येतो. खोलीचं दार उघडंच राहिलंय.”