फोटोतली डावी बाजू

निलमने मोटरसायकल ओळखली ती गोंड्यावरून. फोटोत नंबरप्लेट पुसून टाकलेली होती, टाकीला नवा रंग मारलेला होता. पण हँडलला लाल लोकरीचा, कवड्यांचा गोंडा तसाच लोंबत होता. तो तिच्या याडीने, म्हणजे आईने, मिराबाईने, आपल्या हाताने ओवला होता.

तिचा धाकटा भाऊ विकास घरातून गेला त्याला चोपन्न दिवस झाले होते. पोलीस भरतीच्या तात्पुरत्या यादीत त्याचं नाव आलं तेव्हा तांड्याने पुसेगावच्या रस्त्यावर त्याचा बॅनर लावला, तांड्याचा प्रमुख लालसिंग नायक याने शाल घातली. अंतिम यादीत नाव नव्हतं. बॅनर उतरायच्या आत तो गाडीवर बसून निघून गेला. फोन बंद. पोलिसांत नोंद करून झाली, नातेवाइकांकडे फिरून झालं. पोटासाठी आज ना उद्या तो गाडी विकेल, असा निलमचा अंदाज होता. सेनगावच्या कॉलेजात ती प्रयोगशाळा सहायक होती. परीक्षानळ्या धुऊन झाल्या की ती फोनवर एक पान उघडायची. त्यात एकदा शब्द टाकला की दहा-बारा संकेतस्थळांवरच्या जाहिराती एकाखाली एक येत. रोज 'मोटरसायकल' हाच शब्द, रोज शेकडो गाड्या.

जाहिरात नांदेडच्या एका दुकानदाराची होती. तिने लगेच फोन लावला.

"सव्वा महिना झाला की ताई," दुकानदार म्हणाला. "पोरगं गाडी देऊन पायीच गेलं. गोंडा तरी काढून घे म्हणलो, तर म्हणे, राहू द्या, आता कशाला."

घरी येऊन तिने मिराबाईला सगळं सांगितलं. 'आता कशाला' तेवढं सांगितलं नाही.

"गोंडा सोडून गेला?" मिराबाईने एवढंच विचारलं. त्या दिवसापासून तिने ताटातली भाकरी अर्धी ठेवायला सुरुवात केली.

निलमला त्या दोन शब्दांनी झोप येईना. गाडी सापडली आणि शोधायला काही उरलं नाही. तिसऱ्या दिवशी सवयीने तिने ते पान उघडलं, आणि हात थांबला. हे पान तिला विकासनेच दाखवलं होतं. ओट्यावर बसून तो हट्ट्यापासून पुसदपर्यंतचे बैल बघायचा आणि त्यांचे भाव याडीला वाचून दाखवायचा. "बसल्या जागी बाजार," म्हणायचा. "कुठंबी असलो तरी आपल्या हिंगोलीचे बैल बघितल्याबिगर चैन पडत न्हाई मला." इतके दिवस ती त्याला जाहिरातींत शोधत होती. तो असलाच कुठे, तर तोही जाहिराती बघत असेल.

ती गोठ्यात गेली. हरण्या रवंथ करत बसला होता. देवाच्या नावाने सोडलेला बैल. त्याच्या नाकात वेसण नव्हती, मानेवर जू कधी चढलं नव्हतं. असा बैल तांड्यात आजवर कोणी विकलेला नव्हता. आई मेलेलं हे वासरू विकासने बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. निलमने त्याचे चार फोटो काढले, चारही डाव्या बाजूने. विकास गेला त्याच्या आठ दिवस आधी हरण्याचं उजवं शिंग हौदाच्या कठड्याला आपटून मोडलं होतं. ते एकाही फोटोत तिने येऊ दिलं नाही. बैल विकायचा आहे अशी जाहिरात टाकली, तीत स्वतःचाच नंबर दिला. विकासला तो पाठ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लालसिंग नायक ओट्यासमोर उभा राहिला.

"देवाचा बैल विकून राहिलीस व्हय? आन् मोडलेलं शिंग लपवून? कॉलेजात हेच शिकवतेत का?"

"विकायचा न्हाई, काका."

"मंग जाहिरात काहून?"

"आठ दिवस द्या. मंग मीच काढते."

नायक मिराबाईकडे बघत राहिला. तिने पदर ओढून पाठ फिरवली. "मी मेल्यावर वीक म्हणावं तिला," ती भिंतीला म्हणाली.

फोन येऊ लागले. जिंतूरचा व्यापारी, कळमनुरीचा दलाल, औंढ्याहून कोणी. दात किती, औताला चालतो का, मारका आहे का. निलम सगळ्यांना सारखीच उत्तरं द्यायची आणि शेवटी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायची, "आणखी काही विचारायचं?" मग जपून ऐकायची. कोणी किंमत कमी करा म्हणायचा. एकाने दुसऱ्या बाजूचा फोटो मागितला, तो तिने पाठवला नाही.

सहा दिवस असे गेले. सातव्या दिवशी रविवार होता. मिराबाई उंबऱ्याकडे पाठ करून तूर पाखडत होती. अनोळखी नंबर वाजला. पलीकडे मोठ्या यंत्राची घरघर होती.

"बैल का ऐड देखा," एक जाड आवाज म्हणाला. "बिक गया क्या?"

"न्हाई अजून."

पुढे दातांबद्दल कोणी विचारलं नाही. औताबद्दलही नाही. फोन कोणी ठेवलाही नाही.

"आणखी काही विचारायचं?"

यंत्र बंद झालं, की कोणी फोन घेऊन त्याच्यापासून लांब गेलं, ते तिला कळलं नाही. मिराबाईच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"उजवं शिंग," पलीकडून आता दुसऱ्याच, बारीक आवाजात आलं, "भरलं का त्याचं?"