आत्यासकट अल्बम

आत्याच्या घरातल्या मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून भाचीच्या बँडने लोकगीतांच्या वळणाचा अल्बम रेकॉर्ड करायला घेतला. विरहगीताला भाचीचा सूर असा लागला, की गिटारवाल्याचेही डोळे भरून आले. शेवटची तान विरायच्या आत बाथरूममधून आत्या ओरडली, “अगं, गॅस बंद केलास का?” पुन्हा तसं जमेना, झक मारत आत्यासकट तेच अल्बममध्ये घातलं. पोरांच्या मेहनतीवर आपण पाणी फिरवलं म्हणून आत्याला घास गोड लागेना. पण एका समीक्षकाने लिहिलं, “हा प्रश्न गॅसचा नाही, आत धुमसणाऱ्या आगीचा आहे.” लोकांनी अल्बम डोक्यावर घेतला. पहिल्या कार्यक्रमाला आत्या पुढच्या रांगेत ऐटीत बसली. विरहगीत संपताच अख्ख्या सभागृहाने एका सुरात विचारलं, “अगं, गॅस बंद केलास का?” टाळ्या कडाडल्या, तोवर आत्या चपला हातात घेऊन घराकडे पळत सुटली होती.