एका मापाचे चौदा

"अंधारात घालता येईल का हा?" मावशीने विचारलं.

ढापणीचा हात कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांवर, त्या हार्नेसवरच थांबला. गिर्यारोहणाच्या त्या दुकानात तिचा तिसराच दिवस होता. चष्म्यामुळे दुकानदारकाकांनी पहिल्याच तासात तिचं ढापणी करून टाकलं होतं. तीन दिवसांत गिऱ्हाइकांनी रंग विचारला होता, वजन विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं.

"अंधारात कशाला चढताय, मावशी?"

"नाही, आपलं विचारलं."

बरोबरची गुबगुबीत वहिनी हसली. "तिचं असंच असतं. नवरासुद्धा उलटा करून, शिवण बघून केलाय तिने."

मावशी खरंच शिवण बघत होती. पट्टा उलटा करायची, टाक्याखाली नख घालायची, ओढून बघायची. ढापणीने भारीतला काढला, तर तिने नाक मुरडलं.

"ह्या एवढ्या कड्या कशाला?"

"सामान अडकवायला."

"आम्हाला सामान नाही न्यायचं. साधा दाखव. स्वस्त, पण उसवणार नाही असा. एकाच मापाचे चौदा. बारीक असेल तिलाही बसला पाहिजे आणि हिलाही."

"हिला दोन जोडून द्या," वहिनी स्वतःकडेच बोट दाखवत म्हणाली.

चौदा म्हणजे ट्रेकचा ग्रुप असणार; ढापणीला हायसं वाटलं. ग्रुपसाठी असतात तसे दोन प्रकार तिने टेबलावर मांडले. एकाचं बकल जुन्या पद्धतीचं, पट्टा घालून परत उलटा वळवायचा. विसरलात तर वजन आल्यावर सुटतो. दुसऱ्यात पट्टा आधीच ओवलेला. पाय घाला, ओढा, झालं.

"हाच दुसरा," मावशी लगेच म्हणाली. "घाबरलेलं माणूस वळवायचं विसरतं."

दुकानाच्या तुळईला एक कडी होती. हार्नेस विकायच्या आधी गिऱ्हाईक तिला लटकवून बघायचं, हा काकांचा नियमच. वहिनीने आहे त्या कपड्यांवरच हार्नेस चढवला आणि ढापणीने कप्पीचा दोर ओढून तिला जमिनीपासून हातभर वर उचललं. वहिनीची बडबड खटकन बंद पडली. तिने मावशीची बाही धरली ती सोडेचना.

मावशीचं लक्ष मात्र घड्याळाकडे. "घालायलाच सव्वा मिनिट. फार झालं."

"घाई कसली?" ढापणी म्हणाली. "कडा कुठे पळून जातोय?"

मावशीने वहिनीचा पट्टा पुन्हा ओढून बघितला.

"पोटुशी असेल तर चालतो का?" मावशीने हळूच विचारलं. "आमच्यातल्या एकीला सातवा लागलाय."

"अहो, कमरेचा पट्टा पोटावर येतो. छातीपासूनचा वेगळा मिळतो, पण तिला चढवायचंच नाही."

"चढणार नाहीच ती. तसला एक दे. आणि हे तेरा."

"आणि डब्याच्या पिशवीत मावेल ना?" वहिनी लटकल्या लटकल्या बोलून गेली. मावशीने तिला चिमटा काढला.

ढापणीने वहिनीला खाली उतरवलं. काका जेवायला गेले होते. जाताना रोजच्यासारखं सांगून गेले होते, शंका आली तर विकू नको, गिऱ्हाईक काय, दुसरं येईल.

"शिकवायला कोण आहे तुम्हाला?"

"तू शिकवलंस की आत्ता."

"दोर?"

"दोर आधीच पोचलाय तिथे."

"किती उंच आहे?"

"बेचाळीस फूट. टेपने मोजलंय."

"खाली काय आहे? माती?"

"फरशी."

ढापणीच्या डोळ्यांसमोर चौदा बायका आल्या. एकही कधी स्टुलावर चढली नसेल. त्यातली एक सात महिन्यांची. खाली फरशी. तिने टेबलावरचे हार्नेस गोळा केले आणि पाठीमागच्या खुंट्यांवर एकेक करून परत अडकवायला लागली. घाईत एक खाली पडला.

"मी नाही देणार. रागवा हवं तर."

"अगं पोरी, असं नको करूस," मावशी म्हणाली. आवाज एवढासा झाला होता. "सोमवारच्या आत हवेत ते."

"मग मीच येते ना. रविवारी येते. जागा दाखवा, नीट बांधून देते, दहा दहा वेळा करून घेते सगळ्यांकडून. मग न्या खुशाल."

"रविवारी तिथे जाता येत नाही."

"मग सोमवारी सकाळी येते. काकांना सांगून येते. पण मी बघितल्याशिवाय एकीलाही लटकू देणार नाही, सांगून ठेवते. मरायचंय का तुम्हाला?"

वहिनीने तोंडावर हात धरला होता. मावशीने पडलेला हार्नेस उचलला, झटकला, घडी घालून टेबलावर ठेवला.

"सकाळी येशील गं, पण वर कशी येणार?" ती म्हणाली. "आम्ही चौदाजणी शिवणाच्या मशिनवर बसलो, की मालक बाहेरून कुलूप घालतो; उघडी राहते ती खिडकीच. परवा खालच्या मजल्यावर वायर जळून धूर वर आला, तेव्हा किल्ली खिशात घालून तो जेवायला गेला होता."