शुक्रवारचं बोलावणं

"गणितात बावन्न? सुधारेल गं, इंशाल्ला," म्हणत स्वप्नालीने हेमाच्या ताटलीत आणखी एक करंजी वाढली. "आमच्या ईराला तरी कुठे जास्त? त्रेपन्नच!"

बायका हसल्या. हेमाही हसली. बहरीनमधल्या गुदैबियातल्या, स्वप्नालीच्या या हॉलमध्ये तिला पुन्हा जागा मिळाली होती.

मागच्या वर्षी इथेच, हळदीकुंकवाला, तिला राहवलं नव्हतं. "आमच्या श्रेयाची शाळेने चाचणी घेतली. फार वेगळी बुद्धी आहे म्हणतात."

त्यात खोटं काहीच नव्हतं. पण सगळ्यांची तोंडं उतरली. परगावी माणसं पगार लपवतात, आजार लपवतात. हुशारीही लपवायची असते हे हेमाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर फोन बंद, बोलावणं बंद.

नवरा, प्रवीण, मीना सलमान बंदरावरच्या वर्कशॉपमधून दमून यायचा. "सांगायची गरज काय होती? आपलं पोर जेमतेमच म्हणायचं असतं," एवढंच म्हणायचा आणि झोपायचा. आठ महिने हेमा एकटीच चहा प्यायली. कधीकधी कपड्यांच्या घड्या घालताना रडू यायचं. श्रेया दारात उभी राहून बघायची.

मग श्रेयाचे मार्क घसरू लागले. आपणच बोलून पोरीला दृष्ट लावली, असं हेमाच्या मनाने घेतलं. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. गुण आला नाही. त्याच सुमारास स्वप्नालीचा फोन आला, "शुक्रवारी ये गं चहाला."

तो चहा झाला आणि रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, शाळेने बोलावलं. कॅरोलिन टीचर वसईच्या, त्यामुळे मराठीतच बोलल्या. "श्रेया परीक्षेत ईराच्या पेपरात बघते. तीनदा पकडलंय मी."

हेमाची मान खाली गेली. बुद्धी गेली ती गेली, वर पोर कॉपी करायला लागली.

घरी येताच तिने श्रेयाला समोर बसवलं.

"कॉपी करतेस? तू?"

"नो, आई."

"मग तिच्या पेपरात काय बघतेस?"

श्रेया एरवी इंग्रजीतच बोलायची. आज ती थांबून थांबून मराठी शब्द शोधत होती.

"ती किती चुकली ते. मग मी एक जास्त चुकवते." तिने आईचा हात धरला. "तसं केलं की आंटी तुला बोलावतात."