पाचवा जोड

"पान त्रेपन्न," मालक म्हणाले. "पोरं चार आणि दाराशी बुटांचे जोड पाच. इतकी वर्षं आपण हे असंच छापतोय, बाई."

त्यांच्या हातात एका शाळकरी मुलीचं पत्र होतं, वहीच्या कागदावर लिहिलेलं. संपादकबाईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"चाळणीला सांगू नका," मालक पुढे म्हणाले. "नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांच्याकडेच आहेत ना? चूक पकडली तर राहू देत. नाही पकडली, तर शनिवारी निरोप. नजर गेलेला मुद्रितशोधक ठेवून करायचं काय?"

चाळणी हे टोपणनाव चाळीस वर्षांपूर्वीचं. साधा अनुस्वारसुद्धा त्यांच्या हातून निसटत नसे. खरं नाव पगारपत्रकात तेवढं उरलं होतं.

बाईंनी पत्र आपल्या खणात ठेवलं आणि खुर्चीत बसून राहिल्या.

ते पान ज्यातलं, ती मुलांसाठीच्या नऊ पुस्तकांची मालिका बाई दरवर्षी सुट्टीत पहिल्यापासून वाचत. नवरा चिडवायचा, "यंदा तरी शेवट बदलला का गं?" त्या म्हणायच्या, "बघून येते." शेवटाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. तिसऱ्या पुस्तकाचं त्रेपन्नावं पान आलं की त्या बोट ठेवून मोजत. चिखलाने माखलेले पाच जोड, ओळीने वाळत घातलेले. मग पुढे वाचत.

वयाच्या नवव्या वर्षी त्यांनी ते पहिल्यांदा मोजले होते. लेखिकेला पत्र धाडलं होतं, याच प्रकाशनाच्या पत्त्यावर. महिन्याने कार्ड आलं, टपोऱ्या अक्षरात. 'इतक्या वाचकांत आजवर फक्त तूच मोजलेस. पाचवा जोड तुझा. कुणाला सांगू नकोस.' खाली सहीऐवजी नाडी सुटलेले दोन छोटे बूट काढलेले होते. त्या दिवसापासून पुस्तकातल्या त्या घरात त्यांची हक्काची जागा होती. नोकरी लागली, लग्न झालं, आई गेली, तरी ती जागा हलली नाही. लेखिका कधीच वारली होती. कार्डाबद्दल बाई कुणालाही बोलल्या नव्हत्या, नवऱ्यालासुद्धा नाही.

आता दोनच वाटा होत्या. चाळणींनी चूक पकडली की पाचवा जोड जाणार. नाही पकडली तर चाळणी जाणार, आणि मागोमाग जोडही जाणारच. मग निदान माणूस तरी राहू दे, असं बाईंनी ठरवलं. ठरवताना त्यांना रडू आलं, आणि एवढ्यातेवढ्यावर रडू येतंय म्हणून स्वतःचा रागही आला.

दुपारी त्या चाळणींच्या टेबलापाशी गेल्या. टेबलाखाली वाचकांच्या पत्रांची टोपली होती. दुसऱ्या कुणाला ती नको होती, म्हणून ती कायम तिथेच असे.

"काका, त्रेपन्नावं पान झालं का?"

"झालं की. एक स्वल्पविराम जास्तीचा होता, तो उडवला."

"आणखी काही नाही?"

चाळणींनी चष्मा कपाळावर सरकवला. "काय हवं होतं?"

"बूट एकदा मोजून बघा ना."

त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर आणला. मग पान काढलं, ओळीवर नख फिरवलं. "मोजले. पाच आहेत."

"आणि मुलं?"

"चार."

"मग?"

"मग काय? प्रूफ मूळ प्रतीबरहुकूम आहे. माझं काम तेवढंच." त्यांनी पान उलटलं.

इतकं हातात आणून दिलं तरी माणसाला दिसू नये? म्हातारपण कुणाला चुकलंय, असं म्हणत त्या जागेवर परतल्या.

प्रुफं मालकांकडे गेली. "चाळणीलाच भोक पडलं म्हणायचं," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. "पाचाचे चार तुम्हीच करा आता. आणि त्या मुलीचं पत्र टाका टोपलीत."

बाईंनी पत्र टोपलीत टाकलं. चाळणी तेव्हा खण आवरत होते.

शनिवारी छोटासा निरोप झाला. मालकांनी शाल दिली, दोन शब्द बोलले, त्यांतला एक चुकला. चाळणींनी तो हळूच दुरुस्त करून दिला. सगळे हसले, पण बाईंना हसवेना. मग ते टोपली घेऊन आपल्या टेबलाशी बसले आणि काहीतरी लिहीत राहिले. जाताना बाईंच्या दाराशी थांबले.

"चालतो. ते पान आता तुझ्या हातात आहे."

"काका, एवढी सरळ चूक. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलंस खरं," ते म्हणाले आणि छत्री घेऊन जिना उतरले.

बाईंनी दार लोटलं. लाल पेन उघडलं. पुन्हा एकदा पाच जोड मोजले, शेवटचे म्हणून. मग 'पाच' वर काट मारली आणि समासात 'चार' लिहिलं. प्रूफ पाकिटात घालून छापखान्यासाठी जावक टपालाच्या ट्रेमध्ये ठेवायला त्या बाहेर आल्या.

ट्रेमध्ये एकच कार्ड पडलं होतं. पत्ता त्या शाळकरी मुलीचा होता. अक्षर टपोरं होतं आणि खाली नाडी सुटलेले दोन छोटे बूट होते. त्यांची शाई अजून पुरती वाळली नव्हती.

'इतक्या वाचकांत आजवर फक्त तूच मोजलेस. पाचवा जोड तुझा. कुणाला सांगू नकोस. नव्या आवृत्तीतही तो तिथेच असेल, बघ.'