मधली भाषा

"आता आपण समोरासमोर बसायची गरजच नाही," मानसिंगराव म्हणाले आणि त्यांनी आराखडा गिरिजेपुढे सरकवला.

माणसाने लिहिलेली सूत्रं यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर दोघं मिळून रचत होते. सूत्र वाचून अर्थ लावणारा अर्धा भाग मुंबईत, मानसिंगरावांकडे. त्या अर्थावरून यंत्राला द्यायच्या आज्ञा बनवणारा अर्धा सोलापुरात, कॉलेजात गणित शिकवणाऱ्या गिरिजेकडे. त्र्याहत्तर साली कॉम्प्युटर मुंबईत होता आणि गिरिजेची आजारी आई सोलापुरात. दोन्ही भाग एकमेकांत असे गुंतलेले, की तिकडे त्यांनी काही हलवलं की इकडे हिचं मोडायचं. मग मानसिंगरावांनी गाडी पकडायची आणि दिवसभर बसून गुंता सोडवायचा. पत्राने हे काम होत नाही, याबद्दल दोघांचं एकमत होतं.

आता त्यांनी मधे एक छोटीशी भाषा घातली होती. त्यांच्या भागाने अर्थ त्या भाषेत लिहून ठेवायचा, हिच्या भागाने तिथून उचलायचा. शेजाऱ्याच्या चुलीत डोकावायचं कामच नाही.

गिरिजेने पेन्सिल घेतली. ही रचना बरोबर निघाली तर हे येणं संपलं, एवढंच तिला दिसत होतं. त्यांची ती वाट पाहायची, अगदी वेड्यासारखी. बोलून दाखवायचा मात्र धीर झाला नव्हता. तिने कंसात कंस घालून पाहिले. स्वतःच्याच आत पुन्हा स्वतःला वापरणारी सूत्रं कागदावर चालवून पाहिली. कुठेच अडेना. दुपारभर शोधूनही मेली एक चूक सापडेना.

"शेंगाचटनी लई केलीय, घेऊन जावा," आतल्या खाटेवरून आई चंद्रव्वा म्हणाली. "परत कवा येनार वो?"

मानसिंगरावांनी गिरिजेच्या पेन्सिलीकडे पाहिलं.

खोटी शंका काढणं सोपं होतं. आणखी एखादी फेरी तरी पदरात पडली असती. पण गणितात खोटं बोलायला गिरिजेची जीभ रेटेना.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "कुठेच चूक नाही."

मानसिंगरावांनी कागद उचलला नाही. चष्मा काढून ते उगाच पुसत बसले.

"सुचल्यापासून मीही चूकच शोधतोय," ते म्हणाले. "तुम्हाला तरी सापडेल, या आशेवर आलो होतो."