परत येणारी बी

लढाईमुळं बाजारात धड भाजी मिळेना, म्हणून शिमगा सरताच रोशनबीनं मळवलीच्या घरामागं वाफा केला आणि भोपळ्याच्या भिजवलेल्या बिया बोटानं मातीत दाबल्या. शेवटची दाबून वळते, तर सगळ्या बिया पुन्हा मातीवर.

तिनं कोंबड्यांचा उद्धार केला, त्यांना डालग्याखाली कोंडलं आणि बिया परत लावल्या. त्या परत वर आल्या. पुसून ठेवल्यासारख्या स्वच्छ.

"अवो, असलं कसलं बी आणलंय तुमी?" ओट्यावर विडी ओढणाऱ्या नवऱ्यावर ती खेकसली.

"लय वरवर लावतीस तू," चाँदभाई जागचा न हलता म्हणाला. "खोल दाब की जरा."

रोशनबीच्या कमरेचा काटा ढिला झाला होता. "घे बाई एकदाची," ती मातीवरच करवादली आणि बोट मुळापर्यंत खुपसून तिनं बी दाबून धरली. बी खालून वर रेटत होती. तिनंही दातओठ खाऊन जोर लावला.

रेटा थांबला. बोटाखालची बी कुणीतरी अलगद काढून घेतली.

"आता कसं," म्हणत ती उठायला गेली.

बोट मात्र कुणी सोडेना.